आधी माप, मग माल
वाचकांचे प्रश्न, गिअरबॉक्सवालीची उत्तरं

या महिन्याच्या टपालात जुन्या ट्रकांचाच भरणा आहे. पत्र लिहिणाऱ्यांची नावं नेहमीप्रमाणे छापत नाही. मागे एकदा नाव-गाव छापलं, तर अंक बाजारात येतोय न येतोय तोच जुन्या गाड्या उचलणारे दलाल त्या बिचाऱ्यांच्या दारात उभे!

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्याकडे वडिलांनी घेतलेली टाटा १२१० एसई आहे, १९८३ ची. इंजिन ६९२, त्याचं पूर्ण काम करून घेतलंय, एका सेल्फला लागतं. पण गिअरबॉक्स गेली. लेअर शाफ्टचं बेअरिंग फुटलं, दोन गिअरचे दात गेले आणि केसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, बेअरिंगच्या घरातून तडा गेला. इथला मिस्त्री म्हणतो, ४०७ ची टाकू, स्वस्तात पडेल. निगडीच्या ट्रान्स्पोर्टनगरीत एक जण १६१३ ची जीबीएस-४० देतोय. भाचा म्हणतो, सहा गिअरची ओव्हरड्राइव्हवाली बसवा, म्हणजे हायवेला इंजिन ओरडणार नाही. गाडी आता धंद्याला नाही. सीझनला सीताफळं घेऊन मार्केट यार्डात येते आणि वर्षातून एकदा जोतिबाला जाते. कुठली घेऊ? — वाचक, सासवड

उत्तर : दादा, तिघांना विचारलंत, गाडीला कुणीच विचारलं नाही. तिला विचारून घेऊ.

आधी केसिंगचं. तडा बेअरिंगच्या घरातून गेलाय ना, मग वेल्डिंगचा विषय डोक्यातून काढा. वेल्डिंगच्या उष्णतेनं ते घर जराही सरकलं तरी दोन शाफ्टमधलं अंतर बदलतं, आणि मग नवे गिअर टाकले तरी रडतात. तुमच्याच जातीची गिअरबॉक्स, निदान तिचं धड केसिंग मिळालं, तर माझं मत तिलाच. आतला माल त्यात बांधता येतो आणि बाहेरचं काहीच बदलावं लागत नाही. कुदळवाडीतली भंगार गोदामं २०२५ च्या फेब्रुवारीत पाडली गेली, तेव्हापासून असा माल एका जागी सापडत नाही हे खरं. पण बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारायला आणि ट्रान्स्पोर्टनगरीत चार ठिकाणी सांगून ठेवायला पैसे पडत नाहीत.

आता मिस्त्रींची ४०७. इंजिनाच्या नावातच उत्तर आहे. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, १२०. एकूण ४७८८ सीसी. आणि गाडीचं नाव १२१० म्हणजे एकूण वजन बारा टन. ४०७ ही हलकी गाडी, १९८६ मध्ये आली ती गल्लीबोळात माल पोचवायला. तिची गिअरबॉक्स तिच्या इंजिनाच्या ताकदीचा हिशोब करून बनवलेली आहे. तुमचं सहा सिलिंडरचं इंजिन खालच्या फेऱ्यांना जो पीळ देतं, तो तिच्या शाफ्टला झेपायचा नाही. रिकामी गाडी महिनाभर चालेलही. सीताफळं भरून एखाद्या चढाला लागलात आणि पहिल्या गिअरला क्लच सोडलात की कळेल. स्वस्त म्हणाल तर तीच सगळ्यात महाग.

१६१३ ची जीबीएस-४० मात्र विचार करण्यासारखी आहे. ती सोळा टनांच्या गाडीतली, ६९७ इंजिनामागची. म्हणजे ९७ बोअर, १२८ स्ट्रोक, ५६७५ सीसी. मोठ्या इंजिनामागची गिअरबॉक्स लहान इंजिनामागे आली तर ताकदीची चिंता नाही. शिवाय सिंक्रोची आहे, म्हणजे गिअर पडताना वेग आपोआप जुळवून घेते, डबल क्लच मारायची सवय नसलेल्या भाच्यालाही चालवता येईल. पण 'ताकदीला पुरते' आणि 'बसते' या दोन वेगळ्या गोष्टी. १९५४ मध्ये टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, डाइम्लर-बेंझशी करार केला, त्या सुरुवातीच्या गाड्यांत ओएम ३१२ इंजिन होतं, ९० बोअर आणि १२० स्ट्रोकचं. तुमच्या ६९२ चा स्ट्रोक अजून तोच १२०. ६९७ ची मापं ओएम ३५२ ची. दोन्ही टाटाचीच म्हणून दोघांच्या पाठी सारख्या, असं धरून पैसे मोजू नका. विकणारा म्हणेल, 'डायरेक्ट बसते.' त्याला म्हणा, बसते तर माप घ्यायला काय हरकत आहे?

माप कसं घ्यायचं ते सविस्तर सांगते, कारण सगळे इथेच घसरतात. दोन्हींकडे घेऊन जा एक सरळ पट्टी, डेप्थ व्हर्निअर, साधा व्हर्निअर आणि जाड कागद. घरी इंजिनाच्या मागे फ्लायव्हील हाउसिंगच्या तोंडावर कागद ठेवून बोटानं दाबत फिरवा, भोकांचा ठसा उठतो. तो कागद घेऊन निगडीला जा आणि तिथल्या बेल हाउसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या तोंडावर, लावा. बोल्टची भोकं जुळली तर छानच. पण बोल्ट फक्त धरून ठेवतात. गिअरबॉक्स क्रँकच्या मध्यावर आणतात ते डॉवेल, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या पिना, आणि मधली गोल खाच. ते दोन्ही मोजा.

मग खोली. इंजिनाकडे हाउसिंगच्या मागच्या तोंडावर पट्टी आडवी धरून तिथपासून पायलट बेअरिंगच्या, म्हणजे क्रँकच्या मागे क्लच शाफ्टचं टोक धरणाऱ्या बेअरिंगच्या, भोकाच्या तळापर्यंत किती आहे ते मोजा. गिअरबॉक्सकडे तिच्या तोंडापासून क्लच शाफ्टच्या टोकापर्यंत. शाफ्ट त्या खोलीपेक्षा तीन-चार मिलिमीटर तरी कमी भरला पाहिजे, आणि तरीही त्याचं टोक बेअरिंगमध्ये पुरतं बसलं पाहिजे. शाफ्ट लांब असेल तर बोल्ट आवळताना तो क्रँकला आतून रेटतो. इंजिनाचं थ्रस्ट बेअरिंग खाल्लं जातं आणि दोष मात्र नुकतंच काम केलेल्या इंजिन मिस्त्रीच्या माथी. आखूड असेल तर टोक हवेत लटकतं, क्लच दाबला तरी शाफ्ट थांबत नाही आणि गिअर पडताना खरखरतात. टोकाचा व्यासही मोजा. तिथे फरक असला तर बाहेरून तुमच्या क्रँकचा आणि आतून नव्या शाफ्टचा व्यास असलेलं ब्रॉन्झचं बूश लेथवर करून मिळतं, ते फार अवघड नाही.

क्लच प्लेटचा गोंधळ नेहमीचा. प्लेटचा बाहेरचा व्यास ठरतो फ्लायव्हीलवरून, मधल्या हबचे दाते ठरतात गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून. म्हणजे जुनी प्लेटही चालेल असं नाही आणि १६१३ ची प्लेटही बसेल असं नाही. दाते नुसते मोजू नका. संख्या तीच पण शाफ्ट जाड, असंही असतं. आमच्याकडे परीक्षा साधी आहे. शाफ्ट उभा धरायचा, प्लेट वरून दात्यांवर ठेवायची आणि सोडायची. ती आपल्या वजनानं सरळ खाली उतरली पाहिजे. अडकली तर क्लच सुटणार नाही. उतरली, पण बोटांनी कडेला धरून उजवी-डावी हलवल्यावर टकटक वाजली, तर हब किंवा शाफ्ट झिजलेला. प्लेटच्या मधल्या स्प्रिंगांची फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे जाते. उलटी लावली तर ती फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासते. हसू नका, अनुभवी हातांकडूनही असं होतं. रिलीज बेअरिंग आणि फोर्क, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे भाग, गिअरबॉक्सबरोबरच मागून घ्या, आणि तुमची प्रेशर प्लेट दाबून सुटणारी आहे, मग तो फोर्कही दाबणाराच हवा.

एसई म्हणजे सेमी-फॉरवर्ड, अर्धं बोनेट बाहेर. १६१३ ची गिअरबॉक्स सपाट तोंडाच्या एलपीटीतून निघालेली असली तर तिची गिअर लिव्हरची जोडणी वेगळी असणार. लिव्हर भलतीकडेच निघाली तर केबिनची फळी कापण्यापेक्षा त्याच जातीच्या एसईचं वरचं झाकण शोधा. ते मिळेपर्यंत सौदा करू नका. मागे गिअरबॉक्सची लांबी किती बदलते तेही बघा. तेवढा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, कमी-जास्त करावा लागेल, आणि तो कापून जोडून आणलात की बॅलन्स केल्याशिवाय लावायचा नाही. दोन्ही टोकांचे जॉइंट एका रेषेत हवेत. फ्लँजची भोकं जुळतात का, तेही त्याच दिवशी बघा.

आता भाच्याचा ओव्हरड्राइव्ह. मुलाची तक्रार खरी आहे, इंजिन ओरडतं. पण ते गिअरबॉक्समुळे नाही, मागच्या हाउसिंगमुळे, म्हणजे मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलमुळे. माझं ठाम मत आहे की जुन्या ट्रकची गिअरबॉक्स निवडताना मागून पुढे यावं. मागचं एक चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या आणि त्याच्या पुढे-मागे मोठी ओट लावा. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. उचललेल्या चाकाला दोन पूर्ण फेऱ्या द्या आणि दुसऱ्यानं प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याच्या फेऱ्या मोजाव्यात. सातला थोड्या कमी भरल्या तर तुमचा क्राऊन-पिनियन, म्हणजे त्या हाउसिंगमधली मोठ्या-लहान गिअरची जोडी, ४१ दात्यांना ६ आहे, सहाला थोड्या कमी भरल्या तर ४१ ला ७. तुमच्या गाडीत पहिला असेल असा माझा अंदाज. सामान वाहायचा तो हिशोब आहे.

९.००-२० चं टायर एका फेरीत साधारण ३.१ मीटर जातं. टॉप गिअर एकास एक धरला, तर ४१ ला ६ वर इंजिन २२०० फेऱ्यांना गाडी पळते ६० नं. ४१ ला ७ टाकला तर त्याच २२०० ला ७०. कोल्हापूरच्या रस्त्याला एवढं पुरे झालं की! सहा गिअरची गिअरबॉक्स म्हणजे नवी लांबी, नवी लिव्हर, नवा शाफ्ट. हे सगळं करून जे मिळणार ते तुम्हाला मागच्या हाउसिंगमध्ये हात घालून मिळतं. मात्र क्राऊन आणि पिनियन जोडीनंच घ्यायचे, एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, आणि खेळ डायलवर बसवून घ्यायचा. याची किंमतही आहे, ती ऐकून ठेवा. टॉपबरोबर पहिला गिअरही तेवढाच लांबतो. पूर्ण भरलेली गाडी खंबाटकीत चढावर थांबवून पुन्हा उचलायची असेल तर जड जाईल. सीताफळांच्या क्रेटना काही नाही. आणि हे वेग ब्रेक जुने आहेत हे लक्षात ठेवून वापरायचे आहेत, भाच्याला सांगा.

निगडीची गिअरबॉक्स घेण्याआधी तिचं ऑइल पांढऱ्या कागदावर काढायला लावा. ऑइल 'आधीच काढलंय' असं सांगितलं तर ती सोडून द्या. पिवळी चमक असेल तर सिंक्रोच्या रिंगा झिजल्यात, त्या बदलता येतात. लोहचुंबकाला पोलादाच्या कपच्या चिकटल्या तर दात किंवा बेअरिंग. वरचं झाकण उघडून गिअरच्या बाजूचे छोटे दाते बघा. टोकं अणकुचीदार हवीत, गोल झाली असतील तर गिअर सुटणार. मग प्रत्येक गिअर टाकून शाफ्ट हातानं फिरवा आणि कितीला किती ते लिहून घ्या. एकूण, टॉप एकास एक भरला, मापं जुळली आणि एसईचं झाकण मिळालं तर घ्या, नाहीतर आपल्याच जातीची मिळेपर्यंत थांबा. घेताना बेल हाउसिंग, फोर्क, प्लेट, लिव्हर, मागची फ्लँज आणि माउंटिंग, सगळं एकत्र एका बिलावर. नंतर एकेक वस्तू मागायला गेलात की तोच माणूस एकेकीचे भाव लावतो.

कागदाचं म्हणाल, तर आरसी बुकात इंजिन नंबर आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. तेवढी एक कटकट नाही. बिल मात्र फाइलला ठेवा.

प्रश्न : ताई, आमच्याकडे महिंद्राची एफसी-१५० आहे, हरिकेन पेट्रोल इंजिन आणि टी-९० गिअरबॉक्स, तीन गिअरची. उतारावर दुसऱ्या गिअरमधून सुटते. वरंध घाटात भीती वाटते. डिझेल जीपची केएमटी-९० चार गिअरची मिळतेय, बसवून टाकू का? — वाचक, भोर

उत्तर : काका, घाटात गिअर सुटतो म्हणजे गंमत नाही. दुरुस्त होईपर्यंत त्या घाटात नेऊ नका. पण इलाज गिअरबॉक्स बदलणं हाच आहे असं मला वाटत नाही.

दुसऱ्यातून सुटणं हा टी-९० चा जुना आजार, आणि त्याची कारणं बहुतेक वेळा साधी निघतात. आधी पाना घेऊन खाली जा. गिअरबॉक्स आणि बेल हाउसिंगमधले बोल्ट ढिले असले तर गिअरबॉक्स तिरकी होते आणि गिअर आपोआप बाहेर ढकलला जातो. ते घट्ट असतील तर वरचं झाकण. त्यात गिअर सरकवणाऱ्या सळईच्या खाचेत बसणारा बॉल आणि स्प्रिंग असते, ती स्प्रिंग दमते. दोन्ही मिळून एका जेवणाच्या पैशात येतात. त्यानंतर मेन शाफ्टचा पुढे-मागे होणारा खेळ आणि सिंक्रोचे झिजलेले दाते. इतकं करूनही सुटला तरच मोठ्या खर्चाचं बोलू.

केएमटी-९० चांगली आहे, पण ती डिझेल इंजिनामागून निघालेली, तिचं बेल हाउसिंग त्या इंजिनाचं. तुमच्या हरिकेनला वेगळं करावं लागेल. त्याहून मोठी अडचण जागेची. एफसी-१५० चा व्हीलबेस ८१ इंच, म्हणजे जेमतेम दोन मीटर. टी-९० च्या पाठीला ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, थेट जोडलेली असते. पुढची गिअरबॉक्स दोन इंच लांब आली की ट्रान्सफर केस दोन इंच मागे जाते, मागचा शाफ्ट मुळातच आखूड असतो तो आणखी आखूड होतो आणि जॉइंटचा कोन वाढतो. मग जॉइंटचे क्रॉस पावसाळ्यापुरतेसुद्धा टिकत नाहीत. पुढचा शाफ्ट तेवढाच लांबवावा लागतो तो वेगळा.

पहिल्या गिअरला सिंक्रो नाही आणि पहिला २.८, दुसरा १.५५, मध्ये मोठी दरी, ही तुमची खरी बोच असेल, पत्रावरून तसं वाटलं. ती समजते. पण ती ७०-७५ अश्वशक्तीची गाडी ज्या चालीनं जायला बनली, त्या चालीनं टी-९० पुरते. घाट उतरताना पहिला गिअर माथ्यावरच थांबून टाकायचा.

प्रश्न : मी आयटीआयला फिटर ट्रेडला आहे. कॉलेजच्या जुन्या इंजिनाला दुसऱ्या गाडीची गिअरबॉक्स जोडायची आहे. आम्हीच अडॅप्टर प्लेट कापली तर चालेल का? — वाचक, चिंचवड

उत्तर : चालेल, कापाच. एक लक्षात घ्या, प्लेट वीस मिलिमीटरची लावलीत की क्लच शाफ्ट पायलट बेअरिंगमधून वीस मिलिमीटर मागे आला. वर सासवडच्या दादांना जे खोलीचं माप सांगितलंय ते आधी घ्या आणि प्लेटची जाडी त्यातून ठरवा. हाताशी असलेल्या पत्र्यावरून नको.

मध्य जुळवायला चुंबकाचा स्टँड फ्लायव्हीलवर लावा, डायलचं टोक प्लेटच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवा आणि क्रँक हातानं पूर्ण एक फेरी फिरवा. काटा एकूण ०.२ मिलिमीटरच्या आत हलला तर ठीक. जास्त हलला तर बोल्ट सैल करून प्लेट ठोकून सरकवा आणि पुन्हा फिरवा. जुळली की तशीच आवळून दोन डॉवेलची भोकं रीमरनं पाडा. ही पायरी सोडली तर पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. काही महिन्यांनी क्लच प्लेटचा हब तुटतो आणि सगळे प्लेट बनवणाऱ्या कंपनीला शिव्या देतात. तुमच्या सरांना डायल गेज कपाटातून बाहेर काढायला लावा, बहुतेक वेळा ते कुलपातच असतं.

प्रश्न : जुन्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ ऑइल घातलं तर काय होतं? दुकानदार म्हणतो, चारापेक्षा पाच भारी. — वाचक, कात्रज

उत्तर : दुकानदाराला पाढे येतात एवढंच कळलं. जीएल-५ मध्ये जास्त दाबासाठी गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. ती डिफरन्शियलच्या हायपॉइड दातांना हवीत, पण पितळ-ब्रॉन्झच्या सिंक्रो रिंगांना आणि बूशांना बाधू शकतात. शिवाय सिंक्रो रिंगला थोडी पकड लागते, जास्त निसरड्या ऑइलमध्ये ती उशिरा पकडते आणि गिअर खरखरतो. जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४, डिफरन्शियलला जीएल-५. कंपनीच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर पुस्तकाचं ऐका.

पुढच्या अंकासाठी लिहिताना एक करा. 'अमुक गिअरबॉक्स बसेल का' एवढंच विचारू नका. इंजिनावरचा नंबर, क्लच शाफ्टचे दाते आणि जाडी, आणि मागच्या चाकाच्या दोन फेऱ्यांत प्रॉपेलर शाफ्ट किती फिरला, एवढं पत्रात लिहा. बेल हाउसिंगचा फोटो पाठवलात तर शेजारी पट्टी ठेवून काढा. पट्टीशिवाय आलेल्या फोटोंचा ढीग इथे पडलाय, त्यावरून कुणालाच उत्तर देता आलेलं नाही.